शेवंती पुन्हा उभी राहते

जळगाव स्टेशनाबाहेर आता रिक्षांची रांग लागते. तिथे एके काळी टांगे लागायचे, आणि रांगेत पहिला नंबर कुणाचा यावरून रोज भांडणं व्हायची. भांडण सोडवायला पोलीस यायचा आणि जाताना कुणाच्या तरी टांग्यात बसून फुकटात घरी जायचा. त्या भांडणांतला अर्धा आवाज गनीभाईंचा असायचा. माणूस अंगाने काडी, पण "बाजूऽऽ" अशी हाळी दिली की चौकात बसलेली म्हैससुद्धा उठून उभी राहायची. आज गनीभाईंचं वय बहात्तर आहे. अंग अजून काडी आणि आवाज अजून तसाच.

बाकीच्या टांगेवाल्यांनी एकेक करून घोडे विकले आणि रिक्षा घेतल्या. गनीभाईंनी घेतली नाही. "रिक्षाला रस्ता मी दाखवायचा. शेवंती मला दाखवते," असं ते म्हणायचे. यात फुशारकी बरीच होती. पण शेवंती खरोखरच गुणी घोडी होती. चार वर्षांची असताना गनीभाईंनी तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलं. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका. शेवंती हे नाव विकणाऱ्या शेतकऱ्याच्या घरचं. मोहल्ल्यातल्या शहाण्यांनी सुचवलं, "गनीभाई, नाव बदला, शबनम ठेवा." गनीभाईंनी त्यांना उत्तर दिलं, "नाव तिचं आहे. माझं असतं तर बदललं असतं."

एकोणीस वर्षं ती टांग्याला होती. सवारी मिळेनाशी झाली तेव्हा गनीभाई तिला मेहरूण तलावाच्या काठी घेऊन गेले आणि पोराटोरांना चकरा मारून आणू लागले. मग एका थंडीत ती बसली ती उठलीच नाही. शिरसोली रस्त्यावरच्या गिरधर पाटलाने, म्हणजे गनीभाईंच्या चाळीस वर्षांच्या दोस्ताने, आपल्या वावरात लिंबांच्या ओळीशेजारी जागा दिली. दोन पोती मीठ टाकून शेवंतीला तिथे पुरलं. गनीभाईंनी पुन्हा जनावर घेतलं नाही. घरात तिचं नावही कुणी काढेना, कारण काढलं की गनीभाई जेवत नसत.

पाच वर्षं अशीच गेली, आणि एक दिवस पुनम मॅडम दारात उभ्या राहिल्या.

ही पुनम लहानपणी गनीभाईंच्याच टांग्यातून शाळेत जायची. मागच्या बाजूला पाय लोंबकळत ठेवून बसायची आणि रोज एक चप्पल रस्त्यात पाडायची. आता ती मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चहाचा कप हातात घेऊन तिने सरळच विषय काढला.

"चाचा, आमच्या प्रयोगशाळेत एक बेडूक आहे, एक कबूतर आहे आणि एक ससा आहे. सशाचा एक पाय कुणीतरी उलटा चिकटवलाय. मुली हाडांची नावं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यांना मोठा सांगाडा दाखवायचाय. खेकड्याचं, झुरळाचं कवच बाहेर असतं. अंगाला होईनासं झालं की ते टाकून नवं करावं लागतं. घोड्याची हाडं आत असतात, त्याच्याबरोबर वाढतात, मोडली तर आतल्या आत सांधतात. हे मुलींनी हात लावून बघायला हवं." मग ती जरा थांबली. "शेवंती द्याल का?"

गनीभाईंनी कप खाली ठेवला. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. पाच वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर शेवंती एकाच तऱ्हेने येत होती : गोठ्यात आडवी पडलेली, पोट फुगलेलं, एक कान मातीत. तिला एकदा, फक्त एकदा, चार पायांवर उभी बघायचं त्यांच्या मनात होतं. असलं वेडं कुणाला सांगणार म्हणून ते गप्प होते. आता ही पोरगी तेच मागत होती.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. गनीभाईंच्या बायकोने, मेहरुनबींनी, सगळं ऐकलं होतं. मेहरूण तलावाजवळ राहणारी मेहरुन, यावर मोहल्ल्यात जितके विनोद करता येतात तितके पन्नास वर्षांत करून झाले होते, आणि त्यांतल्या एकालाही त्या हसल्या नव्हत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मातीला दिलेलं परत मागत नसतात."

त्यानंतर तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. चौथ्या दिवशी मेहरुनबींनी ताट वाढता वाढता आपला निकाल सांगितला.

"हसीबचे अब्बा, तुम्हाला करायचंच आहे ना? करा. पण उभी केल्यावर मी बघायला येणार. मला ती शेवंती दिसली तर राहू दे तिथे. नाही दिसली तर एकूण एक हाड परत गिरधरभाऊंच्या वावरात. जनावराला उठवायचं आणि भलतंच काही करून ठेवायचं, हे मी होऊ देणार नाही. द्या जबान."

गनीभाईंनी जबान दिली. एकोणीस वर्षं ज्या जनावरामागे बसलो ते जनावर आपल्याला ओळखीचं उभं करता येणार नाही, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीही नाही.

गिरधरने कुदळ आणली, गनीभाईंनी घमेली आणि जुन्या चादरी. काळ्या मातीने आपलं काम चोख केलं होतं. हाडं स्वच्छ निघत होती, चहाच्या रंगाची. मग शेपटीचे मणके निघायला लागले. एक, दोन, पाच, बारा, सोळा. गिरधरने घाम पुसला.

"गनीभाऊ, ही घोडी शे का हत्ती शे? बठ्ठं वावर भरी गयं, तरी हाडकं सरतंच नहीत!"

गनीभाई पाच वर्षांत पहिल्यांदा शेवंतीच्या नावाने हसले.

कॉलेजच्या मागच्या हॉलमध्ये ताडपत्री अंथरून हाडं मांडली. पुनम मॅडम नावं सांगायच्या, मुली चिठ्ठ्या लावायच्या, आणि गनीभाई मध्ये उकिडवे बसून प्रत्येक हाड हातात घेऊन बघायचे. शिकवायला मॅडम होत्या खऱ्या, पण तास गनीभाईंचाच चालायचा. पुढच्या पायाचा गुडघा म्हणून जो भाग ते आयुष्यभर तेल लावून चोळत आले, तो घोड्याचा गुडघा नसून मनगट आहे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आपल्याच मनगटाकडे बघत राहिले.

"मग खाली हे एवढं लांब काय आहे?"

"तळहात. आणि त्याच्याखाली एकच बोट. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो चाचा, मधल्या. खूर म्हणजे त्या बोटाचं नख."

"म्हणजे माझी शेवंती आठ-आठ सवाऱ्या घेऊन चार बोटांवर पळत होती?" गनीभाईंनी मुलींकडे वळून विचारलं. "आणि तुम्ही लिफ्टने वर येता!" मुली खो खो हसल्या.

डाव्या बाजूची नववी फासळी हातात आली तेव्हा मात्र गनीभाई हसले नाहीत. तिच्यावर मधोमध एक गाठ होती, झाडाच्या फांदीवर असते तशी. खूप वर्षांपूर्वी एरंडोल नाक्यावर केळीच्या ट्रॅक्टरचा दांडा तिला लागला होता. गनीभाईंनी वरून हळद लावली, आठ दिवस टांगा काढला नाही आणि बरी झाली असं समजून पुन्हा जुंपली. आत फासळी मोडली होती हे त्यांना आज कळत होतं. मोडकी फासळी घेऊन ती पळत राहिली आणि हाड आपलं आपण सांधलं. "सांगायचं तरी," असं ते फासळीला म्हणाले. पुनम मॅडमनी त्या दिवशी तास लवकर संपवला.

जोडकाम सुरू झालं. गनीभाईंचा मुलगा हसीब लोखंडी गेट आणि ग्रिल करतो. मणक्यांच्या भोकातून घालायची सळई त्याने वाकवून आणली. दर रविवारी बाप-लेक हॉलमध्ये. मागचे पाय कमरेला बसले, फासळ्या बसल्या. आणि मग एका रविवारी काम अडलं. पुढच्या पायांच्या वर खांद्याची दोन रुंद हाडं होती, पंख्यासारखी. ती कशाला जोडायची? मागच्या पायाला कमरेत खोबण आहे, गोल डोकं त्यात बरोबर बसतं. पुढच्याला ना खोबण, ना खीळ, ना काही. खांद्याचं हाड फासळ्यांवर नुसतं टेकत होतं आणि हात काढला की घसरून खाली येत होतं. पुनम मॅडम परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला गेल्या होत्या.

गनीभाईंनी टांगेवाल्याच्या डोक्याने विचार केला. टांग्यात चाकाला आस लागते, दांडीला कडी लागते; जोडाशिवाय वस्तू चालतच नाही. तेव्हा इथेही मध्ये एक हाड असणार, दोन्हीकडचं एकेक, आणि ती दोन्ही मातीत राहून गेली असणार.

"अब्बा, मी लोखंडाचं करून देतो," हसीब म्हणाला.

"आणि तुझी अम्मी चुंबक घेऊन येणार आहे का ओळखायला? हाड तिचंच पाहिजे."

मग काय, गनीभाई आणि गिरधर, दोघं मिळून वयाची एकशे चाळीस वर्षं, पुन्हा वावरात उतरले. पहिल्या दिवशी जुना खड्डा चाळला. दुसऱ्या दिवशी खड्डा वाढत वाढत लिंबांपर्यंत गेला. एक फुटकी बरणी निघाली, एक नांगराचा फाळ निघाला आणि कुठल्याशा कुत्र्याचा जबडा निघाला. दोन लिंबांची मुळं उघडी पडली, तेव्हा गिरधरच्या बायकोने बांधावरून दोघांचा असा उद्धार केला की शेजारच्या वावरातले मजूर काम थांबवून ऐकत बसले. हाड काही मिळालं नाही. गनीभाई घरी आले ते तोंड पाडून. मेहरुनबींनी फक्त गरम पाणी ठेवलं.

मॅडम धुळ्याहून आल्या आणि सगळी हकिकत ऐकून भिंतीला टेकून हसत राहिल्या.

"चाचा, ते हाड घोड्याला नसतंच! आपल्याला असतं, हे बघा, गळ्याखाली आडवं. घोड्याला नाही. त्याचा खांदा छातीला हाडाने जोडलेलाच नसतो. नुसत्या मांसाच्या पट्ट्यांत धड झुलत असतं, दोन पायांच्या मध्ये. म्हणून पळताना दणका पायातच जिरतो, अंगापर्यंत जात नाही."

गिरधर शेजारीच उभा होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

"दोन दिन मन्हं वावर खंदं, दोन लिंबू गयात, बायकोना शिव्या खाद्यात... अन ते हाडूक घोडीले नव्हतंच?"

"नव्हतं काका."

"मंग गनीभाऊ, आते तू मन्हाघर येवानं नही. ती तुले लिंबाले बांधी ठेवी."

तो विनोद पुढचे आठ दिवस पुरला. हसीबने खांद्याची हाडं फासळ्यांपासून बोटभर अंतरावर तारेने तोलून धरली, आणि मधली जागा मोकळी राहिली. पुढच्या दोन रविवारांत शेपटी बसली, मान बसली, डोकं बसलं. पुनम मॅडमनी पुस्तक उघडून प्रत्येक सांधा तपासला आणि एकही चूक काढली नाही. गनीभाईंनी मागचा डावा पाय जरा ढिला ठेवायला लावला होता, खुराचं टोक टेकलेलं, जशी ती स्टॅंडवर सवारीची वाट बघत उभी राहायची. शेपटीचं वळण किंचित उजवीकडे. कमरेची रुंदी, मणक्यांचा उतार, सगळं त्यांनी डोळे मिटून सांगावं इतकं त्यांना पाठ होतं. मान त्यांनी उंच ठेवली. रस्त्यावर तिची मान उंचच असायची. ते मागे उभे राहिले आणि त्यांच्या तळहातांना लगाम धरल्यासारखं वाटलं. तिला उभी बघायची होती, ती उभी होती. आता फक्त मेहरुनबींनी यायचं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्या आल्या. ठेवणीतला बुरखा, पायात नव्या चपला. बरोबर गिरधरही आला होता, बायकोची नजर चुकवून. हॉलच्या मागच्या दाराने आत शिरलं की आधी शेवंतीची पाठ दिसते. मेहरुनबी दारात थांबल्या.

"कंबर तिचीच," त्या म्हणाल्या. "पायही तसाच टेकायची."

गनीभाईंनी मॅडमकडे असं बघितलं, की झालंच आता. मेहरुनबी सांगाड्याच्या कडेने हळूहळू पुढे गेल्या, वळल्या आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि गनीभाईंना तेच वाईट वाटलं.

"ये शेवंती नई है," त्या म्हणाल्या.

पुनम मॅडम पुढे झाल्या. "चाची, एकूण एक हाड तिचंच आहे हो. पुस्तकाप्रमाणे—"

"असेल बेटा. हाडं तिची असतील. ही ती नाही."

गनीभाईंचा चेहरा उतरला. पण जबान म्हणजे जबान. स्टेशनावर त्यांनी भाडं ठरवलं की मोडलं नव्हतं, इथे तर बायकोला शब्द दिला होता. त्यांनी घसा खाकरला.

"हसीब, पकड आण. तारा सोडायला लाग."

हसीब जागचा हलला नाही. गिरधर म्हणाला, "भाभी, मी खड्डा परत खंदसू नही हां, आधीच सांगस." पण कुणी हसलं नाही. गनीभाई स्वतःच पिशवीकडे गेले आणि पकड शोधू लागले. पकड वरच होती, तरी ते तळाशी चाचपत राहिले. मेहरुनबींनी ते पाहिलं.

"मान अशी का केलीत?" त्यांनी विचारलं.

"अशीच असायची तिची मान. उंच."

"लगाम ओढल्यावर." मेहरुनबी त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही मागे बसायचात. एकोणीस वर्षं तुम्ही तिचे कान पाहिले आणि कंबर पाहिली. संध्याकाळी साज उतरवून तुम्ही ओट्यावर पाय पसरून झोपायचात, तेव्हा ती काय करायची माहीत आहे तुम्हाला?"

गनीभाईंना माहीत नव्हतं. पकड हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"माझ्या स्वयंपाकघराच्या अर्ध्या दारावरून डोकं आत घालायची. खाली. असं." आणि सत्तरीला टेकलेल्या मेहरुनबींनी भर हॉलमध्ये, मुलाच्या आणि परक्या माणसांच्या देखत, बुरख्यासकट मान वाकवली, जराशी डावीकडे कलती केली आणि हनुवटी पुढे काढली. "अशी उभी राहायची तासभर. रोज. मी बोलायची, ती ऐकायची. तुमच्याशी बोलायला तुम्ही जागे कुठे असायचात?"

गनीभाईंनी सांगाड्याच्या उंच मानेकडे पाहिलं. एवढी वर्षं घरात हे चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. ही बाई पाच वर्षं गप्प का होती, भांडी का आपटत होती, हे त्यांना आत्ता कळलं. शेवंतीचं नाव काढलं की आपण जेवत नाही म्हणून तिने ते आपल्यासमोर कधी काढलंच नाही. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि बायकोविषयी माया वाटली.

"हसीब," ते शेवटी म्हणाले, "मानेची सळई ढिली कर. अम्मी सांगेल तशी वाकव."

हसीब स्टुलावर चढला. मॅडमनी बाजूने कवटी धरली, गिरधरने खालून मणके. मेहरुनबी समोर उभ्या राहून सांगू लागल्या. खाली. अजून खाली. एवढी नको, ती काही गवत खात नव्हती. डावीकडे. मग त्यांनी स्वतःच पुढे होऊन जबड्याखाली हात घातला आणि त्या जड, कोरड्या डोक्याला इंच इंच खाली आणलं. गनीभाई पकड ठेवून समोर आले आणि बायकोच्या मागे उभे राहिले. मान खाली आली, कलली, आणि डोळ्यांच्या त्या दोन पोकळ खोबणी मेहरुनबींच्या छातीशी येऊन थांबल्या.

मेहरुनबींनी झटकन एक पाऊल मागे घेतलं आणि हात झाडला.

"हट मुई, आटा गिराएगी!"

त्यांच्या तोंडून ते आपसूक गेलं. मेहरुनबींनाही आपण काय बोललो ते क्षणभर उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा त्यांनी पदरासारखं बुरख्याचं टोक तोंडाला लावलं आणि हसू लागल्या. हसता हसता डोळे वाहत होते ते त्यांनी पुसले नाहीत. गनीभाईही हसत होते आणि रडतही होते, आणि गिरधर खालून ओरडत होता की मणके जड शेत, कोणी तरी काही तरी करा.

गनीभाईंनी डोळे पुसले.

"हसीब," ते म्हणाले, "तार पक्की आवळ."